टाचणीएवढं भोक आणि हळद-चुना

रविवारी सकाळी भाच्याचा फॉरवर्ड आला. तो महापे एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेसवर असतो, मी तुर्भ्याला मेंटेनन्समध्ये बावीस वर्षं काढलीत. मेसेजचं नाव 'कामगार बंधूंसाठी घरगुती उपाय'. वर जोडलेले हात, खाली 'पुढे पाठवा, पुण्य लागेल'. सांगणं असं की बोटात प्रेशरचं तेल, ग्रीस किंवा रंग गेला तर घाबरू नका. रक्त नाही, दुखत नाही, म्हणजे काही झालेलं नाही. बोट दाबून तेल काढा, गरम पाण्यात धरा, हळद-चुना लावा. अंगठी काढून ठेवा. होज (तेलाची प्रेशरची नळी) कुठे गळते ते हातमोजा घालून चाचपा. आणि हवेला तर भिऊच नका, ती हवाच आहे. खाली भाच्याची ओळ: "मामा, कामाचं आहे, ग्रुपवर टाकू?" टाकून झालं होतं त्याचं, मग विचारलं.

आधी ते 'दुखत नाही म्हणजे काही झालं नाही' घेतो, कारण बोटं जातात ती याच एका ओळीपायी.

आमच्याकडे एक हेल्पर होता. उजव्या हातात ग्रीस गन, तोंडाशी ग्रीस अडकलेलं, म्हणून डाव्या तर्जनीने पुसायला गेला. "मुंगी चावल्यासारखं झालं," म्हणाला. बोट मी स्वतः पाहिलंय. टाचणी टोचावी तसा पांढुरका ठिपका, रक्ताचा थेंब नाही. चिंधीने पुसलं, दोघं हसलो. दुपारी त्याने डबा खाल्ला. शिफ्ट सुटेपर्यंत बोट गाजरासारखं टणक, रात्रभर ठणका. सकाळी गल्लीतल्या दवाखान्यात धनुर्वाताची सुई देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात बोट उघडलं तर ग्रीस तळहातापर्यंत गेलेलं. दोन पेरं गेली. मी हसलो होतो हे अजून आठवतं.

कातडीला भोक बारीक पडतं, पण माल आत पसरतो. बोट वाकवणाऱ्या दोरीसारख्या कंडरेभोवती म्यान असतं, त्यातून तो सरळ वर सरकतो. मग आतली जागा कोंडते, रक्त पोचेनासं होतं, आणि थिनर किंवा डिझेल असेल तर मांस आतून जळतं. याला काही तास लागतात, म्हणून सुरुवातीला माणूस मजेत असतो. डिझेल इंजिनच्या इंधनाने हात असा गेल्याची नोंद अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1937 सालीच केली आहे. 2006 मध्ये 'जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक ट्रॉमा'त हाताच्या अशा 435 केसेसचा आढावा आला. शंभरात तिसांचं बोट किंवा त्याहून जास्त कापावं लागलं. थिनरसारखं सॉल्व्हंट गेलेल्यांत सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर 38 टक्क्यांचं कापावं लागलं, उशीर झाला तर 58 टक्क्यांचं. हळद-चुना वाळेपर्यंत तुमचे सहा तास संपतात.

दाबून काढायचं म्हणे! दोनशे बारने (बार म्हणजे दाबाचं माप) आत गेलेलं तेल चिमटीने त्याच भोकातून परत येत नसतं. ट्यूबमधून निघालेली टूथपेस्ट परत भरून बघा आधी.

हातमोजा उडणाऱ्या लोखंडाच्या तुकड्यांपासून (चिप) आणि धारदार कडांपासून वाचवतो, हे कबूल. तेलाच्या बारीक फवाऱ्याला तो कागद आहे. प्रेस बंद करा, लाइनमधलं प्रेशर सोडा, आणि चालू लाइनवर बघायचंच असेल तर लांबून पुठ्ठा फिरवा. घोडबंदरच्या टॉवरवर एअरलेस गनने (हवेशिवाय, नुसत्या प्रेशरने रंग फवारणारी) रंग मारणाऱ्या पोरांनाही हेच लागू. त्या गनचं प्रेशर 3,000 पीएसआयपर्यंत (पीएसआय हेही दाबाचंच माप) जातं आणि नोझल चोंदलं की पोरं हमखास बोट लावतात.

आता हवा. गाडीच्या टायरात 32 पीएसआय असते हे खरं, पण कारखान्याच्या हवेच्या लाइनला शंभराच्या आसपास असते, आणि तेवढ्यात कातडी फुटू शकते. अंगावरची धूळ एअर गनने उडवणं सगळेच करतात, मीही दहा वर्षं केलं. अमेरिकेत मशीन साफ करायलासुद्धा हवा 30 पीएसआयच्या आत आणावी लागते, वर उडणाऱ्या चिपला आडोसा आणि डोळ्याला चष्मा. आणि मेसेजच्या शेवटी 'मित्राला मागून हवा मारली तर गुदगुल्या होतात' असं लिहून हसरा चेहरा टाकलाय. त्या मस्करीत माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याच पेपरात येतात. नळी आत घालावी लागत नाही, पँटवरून मारलेली हवासुद्धा आतडं फाडते. हे लिहिणाऱ्याला माझ्यासमोर आणा.

कॅज्युअल्टीत 'बोटाला लागलंय' म्हणू नका, मलमपट्टी करून परत पाठवतील. 'हाय प्रेशरने तेल आत गेलंय, हाताच्या सर्जनला दाखवा' असं म्हणा, डब्यावरच्या लेबलचा फोटो न्या. बोट बधिर करायची सुई बोटातच देत असतील तर थांबवून हेच पुन्हा सांगा, तिने आतलं प्रेशर वाढतं. तोवर पोटात काही घालू नका, भूल द्यावी लागेल.

राहिली अंगठी. ती ओळ बरोबर आहे, काय करणार. सूज चढली की अंगठी निघत नाही, कापावी लागते. पण ती मुळात मशीनवर हवीच कशाला? भाच्याचा साखरपुडा गेल्या महिन्यात झाला. आता अंगठी घरी काढून जातो, आणि त्याची होणारी बायको त्याच्यावर नाही, माझ्यावर रुसली आहे.