माद्रिदहून: नावासची लढाई आणि आमचा फॅमिली ग्रुप

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा आत्तेभावाने एक फॉरवर्ड टाकला, की बघा स्पेनने मुसलमानी सत्तेची 800 वर्षांची गुलामी कशी एका झटक्यात संपवली आणि आपण अजून नुसत्या चर्चा करतोय, खाली तलवारी, झेंडे, हात जोडलेले. आणि लगेच मला टॅग, तू तिथेच असतोस ना, सांग यांना जरा. त्यावर पुण्याच्या मावसबहिणीने लिहिलं की असल्या लढायांचा धर्माशी काडीचा संबंध नसतो, सगळं सत्तेचं राजकारण. मग जे व्हायचं ते झालं. खुलदाबादच्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली तेव्हापासून आमच्याकडे इतिहास म्हटलं की दोन तट ठरलेलेच आहेत, वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा मध्येच अडकतात.

फॉरवर्डमधली लढाई होती नावास दे तोलोसा, 16 जुलै 1212. माद्रिदहून अंदालुसियाला जाताना ए-4 हायवेवर देस्पेन्यापेर्रोसचा घाट लागतो, तो उतरला की सांता एलेना नावाचं गाव, तिथे या लढाईचं म्युझियम आहे. मी त्या रस्त्याने खूप वेळा गेलोय, पण थांबायचो ते कॉफी आणि बाथरूमपुरतं. गेल्या वर्षी बायको म्हणाली आज बघूच, म्हणून गेलो, आणि घरी येऊन महिनाभर तेच वाचत बसलो.

आधी हा एका झटक्याचा विषय संपवतो. ग्रानादा, म्हणजे स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य, पडलं 1492 ला, म्हणजे या लढाईनंतर 280 वर्षांनी. आणि त्या ग्रानादाच्या राज्याचा जो संस्थापक, इब्न अल-अहमर, तो 1248 ला सेव्हिल्याच्या वेढ्यात कास्तियाच्या ख्रिश्चन राजाच्या बाजूने आपले घोडेस्वार घेऊन उभा होता. हे ग्रुपवर लिहिलं तर आत्तेभाव म्हणाला, अपवाद असतात रे.

अपवाद? बरं, मग नावासचंच बघू. तिकडे मोरोक्को आणि दक्षिण स्पेनवर राज्य करणाऱ्या अल्मोहाद घराण्याचा खलिफा अल-नासिर, इकडे तीन ख्रिश्चन राजे, कास्तियाचा आठवा आल्फोन्सो, आरागोनचा पेद्रो आणि नावार्राचा सांचो. चित्रात तिघे कसे खांद्याला खांदा लावून असतात. पण हा सांचो काही वर्षांपूर्वी मदत मागायला त्याच अल्मोहादांकडे गेला होता आणि तो तिकडे असताना याच आल्फोन्सोने त्याचे प्रांत गिळले होते. शेजारच्या लेओनचा ख्रिश्चन राजा तर आलाच नाही, त्याने शेजारी लढाईत गुंतलाय बघून कास्तियाचे किल्ले घेतले. आणि पेद्रो, ज्याला कॅथलिक पेद्रो म्हणतात, तो पुढच्याच वर्षी म्युरेला मारला गेला. कोणाकडून? क्रुसेडवाल्यांकडून. फ्रान्सच्या दक्षिणेत पोपनेच पुकारलेल्या वेगळ्याच एका क्रुसेडच्या, म्हणजे धर्मयुद्धाच्या, सैन्याकडून! हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून एक चक्कर मारून आलो.

मला सगळ्यात आवडलेला भाग फ्रेंचांचा आहे. पोप तिसऱ्या इनोसंटने पापक्षमा जाहीर केली म्हणून पिरेनीज डोंगरापलीकडून, फ्रान्समधून, ढीगभर लोक कास्तियाच्या तोलेदो शहरात जमले, आणि आल्या आल्या त्यांनी तिथल्या ज्यूंवर हल्ला केला, त्यांना अडवलं कोणी तर तोलेदोच्याच ख्रिश्चन सरदारांनी. पुढे वाटेतला अल्मोहादांचा कालात्रावाचा किल्ला शरण आला, आल्फोन्सोने आतल्या मुसलमानांना जिवंत जाऊ दिलं. झालं, पाहुणे नाराज. आम्ही काय यासाठी आलो का, त्यात ऊन हे असलं, म्हणून बहुतेक सगळे लढाईच्या आधीच परत फिरले. पानिपतच्या आधी सुरजमल जाट निघून गेला ते आठवतं की नाही? कारणं वेगळी, पण ऐन वेळी माणूस जाण्याची गंमत तीच. आणि कालात्रावा देऊन सुटलेला तो मुस्लिम किल्लेदार, इब्न कादिस, त्याला अल-नासिरने मारून टाकलं, त्यामुळे अंदालुसी, म्हणजे स्पेनमधल्याच मुसलमानांचं, सैन्य इतकं चिडलं की लढाईच्या दिवशी ते मागे सरकलं. शिवाय त्या काळचा अरब इतिहासकार लिहितो की सैनिकांचे पगार थकले होते. पगार थकलेल्या माणसाकडून कसली निष्ठा मागता, आमच्या आयटीत विचारा.

पण म्हणून मावसबहीण बरोबर असं नाही. रोममध्ये पोपने या लढाईसाठी अनवाणी मिरवणूक काढायला लावली होती, अल्मोहाद ही मुळात धर्मसुधारणेचीच चळवळ होती, आणि जिंकल्यावर आल्फोन्सो पोपला लिहितो की शत्रूचे लाखभर पडले, आपले जेमतेम 25-30. थाप आहे उघड, पण त्या माणसाला ही देवाची करणी वाटत होती किंवा निदान तसं सांगायची गरज वाटत होती. श्रद्धा होती, हावही होती, बऱ्याचदा एकाच माणसात. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना पेशव्यांसाठी लढला म्हणून पानिपतात धर्म नव्हताच असं म्हणता येत नाही आणि अब्दालीने जिहादची हाक दिली म्हणून गारद्याला पुसून टाकता येत नाही. एवढं साधं आहे, पण ग्रुपवर लिहिलं की दोन्हीकडून शिव्या.

इकडेही हे चालतंच. व्हॉक्स या कट्टर उजव्या पक्षाने 2019 ला निवडणूक प्रचाराची सुरुवात कोवादोंगाहून केली, जिथून म्हणे मुसलमानांविरुद्धची लढाई सुरू झाली. आत्तेभावाला तो व्हिडिओ फार आवडला होता. त्याला एक गोष्ट लक्षात येत नाही, की या सिनेमात मी कोणत्या बाजूला आहे. घर भाड्याने शोधत होतो तेव्हा एक मालक फोनवर गोड बोलला, प्रत्यक्ष मला बघितलं आणि म्हणाला आत्ताच गेलं हो. खाली उतरताना त्याच्या बायकोचं वाक्य कानावर पडलं, मोरो आहे वाटतं. मोरो म्हणजे मूर, मोरोक्कन, मुसलमान, सगळं एकात. कोथिंबीर घ्यायला माद्रिदच्या लावापिएस भागात जातो तर तिथला मोरोक्कन दुकानदारही माझ्याशी अरबीच सुरू करतो. आता मी काय प्रत्येकाला देशस्थ असल्याचं सर्टिफिकेट दाखवू?

ऑफिसात एक जण पूर्व स्पेनमधल्या आल्कोयचा आहे. त्याच्या गावात एप्रिलमध्ये मूर आणि ख्रिश्चनांच्या लढाईचा उत्सव असतो, 14 मंडळं या बाजूची, 14 त्या बाजूची, आपल्या गणपती मंडळांसारखीच खुन्नस आणि वर्गणी. हा पिढ्यानपिढ्या मूर. चर्चला जातो नियमित, पण मूर. कारण विचारलं तर म्हणाला, आजोबा त्या मंडळात होते, आणि कपडेही आमचे भारी असतात.

दिवाळीनंतर आत्या आणि आत्तेभाव येणार आहेत इकडे. सांता एलेनाला नेणारच, म्युझियम बघू, मग खाली खाएनच्या ऑलिव्हच्या रानात कुठेतरी जेवू, भांडण तिथे निवांत करता येईल. ते आधी जुलैत यायचं म्हणत होते, मीच नको म्हटलं, फ्रेंच उगाच नाही पळाले.