“जेवढा उंच ब्रेकर, तेवढी सुरक्षित गल्ली” या निरोपाला मुद्देसूद उत्तर

ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक निरोप पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: मुलांचा जीव वाचवायचा तर प्रत्येक गल्लीत दर पन्नास पावलांवर ब्रेकर हवा. जेवढा उंच तेवढा चांगला. हळू चालवणाऱ्याला त्याचा काही त्रास होत नाही. महापालिका दाद देत नसेल तर वर्गणी काढून रबरी ब्रेकर आणा आणि ठोका, कोणी विचारत नाही. पाणी साचलं तर तो गटाराचा दोष. आणि ब्रेकर नाहीच मिळाला तर रंबलर, म्हणजे रस्त्यावरचे बारीक खडखडणारे पट्टे, तरी घाला.

निरोपामागची भीती खरी आहे. सकाळी साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान डोंबिवली-कल्याणकडच्या सहा मीटर रुंदीच्या गल्लीतून लोकल गाठायला निघालेल्या दुचाक्या, शेअर रिक्षा, शाळेच्या व्हॅन आणि पायी चालणारे असे सगळे एकाच वेळी जात असतात. फुटपाथ असला तरी त्यावर गाड्या लावलेल्या असतात. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला समोर मूल दिसलं, तर भानावर येऊन ब्रेक दाबायला एक सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर गाडी थांबेपर्यंत साधारण १३ मीटर जातात. ताशी ५० ला तेच अंतर २८ मीटरच्या आसपास जातं. तेव्हा वेग कमी झालाच पाहिजे, यात वाद नाही. वाद आहे तो ब्रेकरच्या मापाचा आणि जागेचा, आणि निरोप नेमका तिथेच चुकतो.

“जेवढा उंच, तेवढा वेग कमी”

चालकाला वेग कमी करायला लावते ती ब्रेकरची रुंदी, म्हणजे गाडी ज्या दिशेने जाते त्या दिशेतलं त्याचं माप. नुसत्या उंचीने ते काम होत नाही. १९७३ साली ब्रिटनच्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेत जी. आर. वॉट्स यांनी वेगवेगळ्या आकारांचे उंचवटे तपासले. त्यातून पुढे आलेला आकार ३.७ मीटर रुंद, मध्यावर १० सेंटिमीटर उंच आणि वरून गोलसर असा आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेत (ती २०१८ साली सुधारली गेली) हीच मापं दिली: गोलाईची त्रिज्या १७ मीटर, ३.७ मीटर रुंदी, १० सेंटिमीटर उंची. अशा उंचवट्यावरून ताशी २५ किलोमीटरने गाडी विनात्रास जावी, असा त्यामागचा हिशेब आहे.

आपल्या गल्ल्यांत पडतो तो ब्रेकर ४० ते ६० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असतो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. त्या वेगाने चाक ४० सेंटिमीटरचा ब्रेकर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात ओलांडतं. एवढ्यात गाडीची बॉडी वर उचलली जात नाही, बराचसा दणका टायर आणि शॉकअपच खातात. तीच गाडी ताशी १० ने आली तर पुढून आणि मागून पूर्ण उंचीचा हिसका बसतो. म्हणजे अरुंद ब्रेकरवर हळू येणारा शिक्षा भोगतो आणि जोरात येणारा सुटतो. मोठ्या चाकांच्या गाडीवाल्याला हे लवकर कळतं, मग तो ब्रेक दाबायचंच सोडून देतो.

३.७ मीटरच्या उंचवट्यावर हे उलटं होतं. छोट्या कारच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर अडीच मीटरच्या आत असतं, त्यामुळे संपूर्ण गाडी उंचवट्यावर चढते. ताशी २० ला हलका झोका बसतो. ताशी ४० ला उंचवटा ओलांडायला सेकंदाचा तिसरा भाग लागतो, आणि तेवढा वेळ गाडी माणसांसकट वर उचलायला पुरतो. वेग वाढला की त्रास वाढतो. ब्रेकरकडून आपल्याला एवढंच तर हवं असतं.

मग अरुंद ब्रेकर का पडतात? कारण मालाचं आहे. सहा मीटर रुंद गल्लीत मापाच्या एका उंचवट्याला सुमारे दीड घनमीटर, म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास डांबरमिश्रित खडी लागते. ६० सेंटिमीटरचा ढिगारा एक टनाच्याही आत उरकतो, आणि रस्त्याचं डांबरीकरण संपल्यावर गाडीत उरलेल्या मालात तो भागतो. शिवाय मापाच्या उंचवट्याला दोन्ही कडांना जुना थर अडीचेक सेंटिमीटर खरवडून खाच करावी लागते, डांबराचा पातळ थर मारावा लागतो, माल गरम असतानाच रोलर फिरवावा लागतो आणि लाकडी फर्मा लावून गोलाई तपासावी लागते. खाच न करता नुसता माल ओतला की कड पहिल्या पावसाळ्यातच तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि ब्रेकरच्या पायथ्याशी खड्डा तयार होतो.

पडलेला ब्रेकर मापाचा आहे का, हे रहिवाशांनाही पाहता येतं. रविवारी पहाटे, दोन माणसं दोन्ही बाजूंना गाड्या थांबवायला उभी करून, चार मीटरचा सरळ पाइप गाडीच्या दिशेने ब्रेकरच्या माथ्यावर मध्यावर टेकवा आणि रस्त्याच्या उताराला समांतर धरा. पाइपाखाली डांबरापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. मध्यापासून अर्ध्या मीटरवर ते पाऊण सेंटिमीटर यायला हवं, एका मीटरवर ३, दीड मीटरवर साडेसहा आणि कडेला, म्हणजे १.८५ मीटरवर, १० सेंटिमीटर. एखाद-दुसरा सेंटिमीटर इकडेतिकडे चालेल. अर्ध्या मीटरवरच पाइपाखाली दहा-बारा सेंटिमीटर भरले, तर तो ब्रेकर धोकादायक आहे.

“हळू चालवणाऱ्याला काही होत नाही”

हे कारपुरतंही खरं नाही, आणि रिक्षा-स्कूटरच्या बाबतीत तर साफ खोटं आहे. रिक्षाचा टायर आठ इंची रिमचा, त्रिज्या जेमतेम २० सेंटिमीटर. स्कूटरची चाकंही दहा-बारा इंची रिमची. अशा चाकासमोर १५ सेंटिमीटरची उभी कड आली, तर चाक वर चढण्याआधी मागे ढकललं जातं आणि हँडलला झटका बसतो. शेअर रिक्षातल्या प्रवाशांची सीट मागच्या चाकांच्या जवळजवळ वरच असते, त्यामुळे सगळा दणका कण्यात जातो. मणक्याचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर बायकांना हे रोज दोनदा सोसावं लागतं. रिक्षावाल्याने कितीही जपून चालवली तरी!

स्कूटरवर मागे एका बाजूला पाय टाकून बसलेल्या बाईचा धोका सगळ्यात मोठा. तिचा भार मागच्या चाकावर असतो, एका हातात पिशवी किंवा मूल असतं. पुढचं चाक उतरतं त्याच क्षणी मागचं उसळतं आणि सीट खालून सरकते. चालवणाऱ्याला ब्रेकर आधी दिसला, तर तो आधीच वेग कमी करतो आणि ती पडत नाही. न दिसलेला ब्रेकरच माणसं पाडतो.

म्हणून रंग आणि फलक ही ब्रेकरची सजावट समजू नका. १९८८ च्या आयआरसी ९९ प्रमाणे पहिल्या उंचवट्याच्या ४० मीटर आधी सूचना फलक आणि उंचवट्यावर आलटून-पालटून काळे-पांढरे पट्टे हवेत. साधा ऑइल पेंट चाकांखाली एका पावसाळ्यात उडतो. काचेचे मणी मिसळलेला थर्मोप्लास्टिक पट्टा टिकतो आणि रात्री हेडलाइटमध्ये चमकतो. डांबर टाकल्यावर “दोन दिवसांनी रंगवू” म्हणून काळा ब्रेकर काळ्या रस्त्यावर तसाच सोडणं, हा या कामातला सर्वांत घातक हलगर्जीपणा. रंग त्या दिवशी होणार नसेल तर चमकणारे बॅरिकेड लावल्याशिवाय रस्ता खुला करू देऊ नका.

“दर पन्नास पावलांवर हवा”

लांब सरळ रस्त्यावर वेग सलग कमी ठेवायचा असेल तर दोन उंचवट्यांत १०० ते १२० मीटर अंतर ठेवावं, असं १९८८ च्या मार्गदर्शिकेत सांगितलं होतं. त्याहून फार जवळ टाकले तर ब्रेक आणि पिकअपचा आवाज रात्रभर चालतो. ॲम्ब्युलन्सला प्रत्येक उंचवट्यावर काही सेकंद गमवावे लागतात आणि आत स्ट्रेचरवर माणूस असतो, हेही हिशेबात धरा.

जागा निवडताना आपलं गेट हा निकष ठेवू नये. छोटी गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे उंचवटा गल्लीत, मोठ्या रस्त्याच्या कडेपासून सुमारे १० मीटर आत हवा, म्हणजे गाडी तोंडाशी येण्याआधीच हळू होते. वळणावर, उताराच्या पायथ्याशी किंवा गाड्यांच्या रांगेमागे लपेल अशा ठिकाणी तो कधीच नको.

“पाणी साचतं तो गटाराचा दोष”

काही वेळा असतोही. पण ब्रेकर म्हणजे रस्त्यावर घातलेला बांध. तो भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकला की वरच्या बाजूला तळं होतं, डांबर पाण्यात भिजून खडी सुटते आणि खड्डा नेमका चाकाच्या वाटेत पडतो. पाण्यासाठी कडेला फट ठेवली तर दुचाकीवाले त्या फटीतून, म्हणजे चालणाऱ्यांच्या अंगावरून, गाडी काढतात. यावर उपाय एकच: उंचवटा रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत घ्यायचा आणि कडेच्या पन्हळीवर जाळी किंवा खालून पाइप देऊन पाण्याला वाट ठेवायची. पाइप अरुंद असला तर पालापाचोळ्याने तुंबतो, म्हणून मेअखेरच्या नालेसफाईत तो साफ करून घ्यावा लागतो.

“वर्गणी काढा, रबरी ब्रेकर ठोका”

विचारणारे आहेत. सार्वजनिक रस्ता महापालिकेच्या ताब्यात असतो. त्यावर अडथळा निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तिथे कोणी पडून जखमी झालं, तर निष्काळजीपणाचं प्रकरण वर्गणी काढणाऱ्यांवर शेकू शकतं. सोसायटीच्या आवारातल्या खासगी रस्त्याची गोष्ट वेगळी.

कायदा बाजूला ठेवला तरी ही वस्तूच या कामाची नाही. बाजारात मिळणारे तुकडे साधारण ३५ सेंटिमीटर रुंद आणि ५ ते ७.५ सेंटिमीटर उंच असतात, म्हणजे वर सांगितलेला अरुंद ब्रेकरच. ते पार्किंगच्या उतारावर, बेसमेंटच्या तोंडाशी ठीक, कारण तिथे गाडी आधीच सावकाश असते. रस्त्यावर हे तुकडे खिळ्यांनी किंवा बोल्टांनी डांबरात बसवले की उन्हाने डांबर मऊ पडतं, टँकर आणि कचऱ्याच्या गाडीच्या चाकांनी बोल्ट हलतात, आणि काही महिन्यांत मधला एक तुकडा निघून जातो. खाली उभे राहतात ते बोल्ट. त्यावरून टायर फाटतो, आणि चपलेतला पायही. तुकडा निघालेला दिसला तर उरलेले बोल्ट त्याच दिवशी रस्त्यालगत कापून घ्यायला प्रभाग कार्यालयाला फोटोसह कळवा.

“ब्रेकर नाही तर रंबलर तरी”

रंबलरचे एक-दोन सेंटिमीटरचे पट्टे चालकाला सावध करतात, वेग मात्र फारसा उतरवत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर, पुढे शाळा किंवा वळण आहे हे सांगायला ते उपयोगी. पहिल्या मजल्यावर झोपायची खोली असलेल्या गल्लीत ते टाकू नयेत, कारण दर गाडीला होणारा खडखडाट रात्री दोन वाजताही थांबत नाही.

मग मागायचं काय?

शाळेसमोर आणि बाजाराच्या तोंडाशी उंच क्रॉसिंग मागा: फुटपाथच्या पातळीत १० ते १५ सेंटिमीटर उंच, वर किमान ३ मीटर सपाट आणि दोन्हीकडे सौम्य उतार. चालणाऱ्याला उतरून चढावं लागत नाही आणि गाडीला वेग कमी करावाच लागतो. कोपऱ्यांवरच्या पाच-पाच मीटरमधलं पार्किंग खांब रोवून बंद करून घ्या. गाड्यांच्या आडून अचानक रस्त्यावर येणारं मूल त्यामुळे चालकाला आधीच दिसतं, आणि या कामाला डांबर लागतच नाही.

अर्जात “गाड्या फार जोरात जातात” एवढंच लिहिलं तर तो फाइलमध्येच राहतो. वेग मोजून द्या. रस्त्याच्या कडेला टेपने ३० मीटर अंतर आखा आणि दोन्ही टोकांना खडूची रेघ मारा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या रेघेवरून दुसऱ्या रेघेवर जायला किती सेकंद लागले ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्या. १०८ ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात: ३.६ सेकंद म्हणजे ३०, २.७ सेकंद म्हणजे ४०. व्हिडिओ काढून नंतर मोजलं तर चूक कमी होते. कोंडीत नव्हे, रस्ता मोकळा असतानाच्या १०० गाड्या मोजा आणि वेग चढत्या क्रमाने लिहा. ८५ वा आकडा अभियंत्याला हवा असतो, कारण बहुतेक गाड्या त्या वेगाच्या आत असतात आणि खरा उपद्रव त्याच्या वर असतो.

अर्ज प्रभाग कार्यालयातल्या बांधकाम विभागाकडे द्या आणि प्रत वाहतूक शाखेला पाठवा, कारण त्यांच्या ना-हरकतीशिवाय काम पुढे सरकत नाही. सोबत हाताने काढलेला गल्लीचा नकाशा जोडा: रुंदी, गटाराची बाजू, उतार, दिव्यांचे खांब, शाळेचं दार आणि उंचवट्याची सुचवलेली जागा. आयआरसी ९९ च्या मापाचाच उंचवटा हवा, काम झाल्यावर फर्मा लावून मापं रहिवाशांसमोर घ्यावीत आणि रंग-फलक त्याच कामाच्या आदेशात असावेत, हे तीन मुद्दे लेखी मागा. रस्त्याच्या रचनेत मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ खाली जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तोही उल्लेख अर्जात करा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.