‘चार वॉशरचे १,८०० रुपये’ या अभिप्रायाला दुकानाच्या मालकाचे उत्तर

महोदय,

आपला अभिप्राय वाचला. दुरुस्तीनंतर पहिल्याच दिवशी आपली रिमोटवर चालणारी छोटी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर आदळली आणि मुलाचा विरस झाला, याचे मलाही वाईट वाटले. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मी क्षमा मागतो.

आपण एक स्टार देऊन तीन गोष्टी लिहिल्या आहेत. गाडी अजूनही सरळ धावत नाही, वळणावर मागून उडते, आणि तिसरी गोष्ट आपल्याच शब्दांत: ‘चार वॉशर घालायचे १,८०० रुपये घेतले, तेही एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला तीन, इतकाही मेळ नाही, ही उघड लूट आहे.’ पहिल्या दोन तक्रारींवर शांतपणे बोलता येईल. तिसरी मात्र जिव्हारी लागली. रिमोटवर चालणाऱ्या जुन्या रेसिंग बग्ग्या दुरुस्त करून घर चालवणाऱ्या माणसाकडे गिऱ्हाईक येते ते एकमेकांच्या सांगण्यावरून किंवा असे अभिप्राय वाचून, आणि ‘लूट’ हा शब्द वाचल्यावर नवीन माणूस चौकशीचा फोनसुद्धा करणार नाही. म्हणून त्या चार वॉशरविषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे.

आपली गाडी तामिया कंपनीची हॉर्नेट आहे. हे मॉडेल १९८४ सालचे. आपल्या काकांनी ती त्या काळात दुबईहून आणली, असे आपण सांगितले होते. हॉर्नेटच्या पुढच्या बाजूला डावा आणि उजवा असे दोन आर्म, म्हणजे चाक धरणारे दांडे असतात. प्रत्येक आर्म आतल्या टोकाला चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, बिजागरीने फिरतो आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला नकल (चाक ज्यावर बसते आणि ज्यासकट वळते तो भाग) व चाक असते. चाक उंचवट्यावर चढले की आर्म आपल्या कमानीतून वर जातो. चाक वळवणारा टाय रॉडही त्याच वेळी वर जातो, परंतु त्याचे आतले टोक आर्मच्या बिजागरीवर नसून सर्व्होवर (रिमोटच्या इशाऱ्यावर चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरवर) असल्यामुळे त्याची कमान निराळी पडते, आणि या दोन कमानींमध्ये जेवढा फरक राहतो तेवढे चाक आपोआप आत किंवा बाहेर वळते. आपण रिमोटच्या चाकाला हातही लावलेला नसतो, तरी प्रत्येक खड्ड्यावर आणि प्रत्येक फरशीच्या सांध्यावर गाडी थोडी दिशा बदलते. यालाच बंप स्टिअर म्हणतात. हा दोष आपल्या एकट्या गाडीत नाही, तो मूळ आराखड्यातच आहे. कंपनीने २००४ साली हॉर्नेट पुन्हा बाजारात आणली, तिच्याही पुढच्या चाकांची रचना जवळपास तशीच आहे. त्यामुळे ‘नवे सुटे भाग लावले असते तर प्रश्नच आला नसता’ हे आपले म्हणणे मला मान्य करता येत नाही.

हा दोष पूर्ण जात नाही, कमी करता येतो, आणि तो कमी करण्याचे साधन म्हणजे ते वॉशर. टाय रॉडचे बाहेरचे टोक ज्या बॉलवर बसते, त्या बॉलखाली वॉशर घालून टोकाची उंची बदलली की रॉडची कमान आर्मच्या कमानीच्या जवळ आणता येते. किती उंची लागेल हे नुसत्या नजरेने कळत नाही. मी आपली गाडी जाड काचेवर ठेवली, ट्रान्समिटर, म्हणजे हातातला रिमोट, चालू करून सर्व्हो मधोमध आणला, पुढच्या दोन्ही चाकांना बाहेरून स्टीलच्या सरळ पट्ट्या टेकवल्या आणि गाडीचे नाक बोटाने हळूहळू दाबत पट्ट्यांच्या टोकांमधले अंतर व्हर्नियरने (बारीक मोजमापाच्या पट्टीने) मोजले. नाक पूर्ण खाली जाईपर्यंत ते अंतर सहा मिलिमीटरने बदलत होते. मग अर्ध्या मिलिमीटरचा एक वॉशर घालायचा, रॉड जोडायचा, पुन्हा दाबून मोजायचे, आणि उंची बदलली की चाकांचा टोही (चाके पुढून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत तेही) हलतो म्हणून रॉडची लांबी नव्याने लावायची, असे ते काम चालते.

डाव्या बाजूला एका वॉशरवर काम भागले. उजव्या बाजूला भागले नाही, कारण आपल्या गाडीचा उजवा नकल फार पूर्वी कधीतरी आपटून किंचित खाली वाकलेला आहे; टेबलावर दोन्ही नकल शेजारी ठेवले तेव्हा तो फरक मी आपल्याला दाखवला होता. ‘पुनर्निर्मित गाडीचा नकल मिळतो, बदलू का?’ असेही मी विचारले होते. त्यावर आपण म्हणालात की काकांची गाडी आहे, मूळचा नकल बदलायचा नाही. आपली ती भावना मला मनापासून पटली, म्हणूनच मी वाकलेला भाग तसाच ठेवून तीन वॉशरनी त्याची भरपाई केली. दोन्ही बाजूंना दोन-दोन घातले असते तर दिसायला मेळ बसला असता आणि गाडी उजवीकडे ओढली असती. आपण गाडी नेली तेव्हा तो सहा मिलिमीटरचा फरक दोनच्या आत आलेला होता, आणि याहून चांगले या गाडीत आजवर माझ्या हातून झालेले नाही.

आता पैशांचे. १,८०० रुपयांमध्ये वॉशरची किंमत धरलेलीच नाही. त्यात पुढच्या चाकांचे मूळ प्लॅस्टिकचे बुश (चाक ज्यावर फिरते त्या कड्या) काढून बसवलेली चार बॉल बेअरिंग आहेत, लांबी बदलता येणारे दोन टाय रॉड आहेत आणि स्टीलच्या स्प्रिंगच्या कड्या असलेला नवा सर्व्हो सेव्हर, म्हणजे सर्व्होला दणक्यापासून वाचवणारा भाग आहे. या सगळ्याचे १,१०० रुपये होतात, आणि हे भाग बाहेरून मागवावे लागत असल्याने त्यावर कस्टम ड्यूटी आणि कुरिअरचा खर्च पडतो. उरलेले ७०० रुपये मजुरीचे आहेत. ही मजुरी कोणाला जास्त वाटू शकते, परंतु न मागवलेल्या किंवा न लावलेल्या वस्तूचा एक रुपयाही मी कधी घेतलेला नाही.

एक गोष्ट लिहू की नको, याचा बराच विचार केला. आपण अभिप्रायासोबत जे छायाचित्र टाकले आहे, त्यात मी बसवलेला सर्व्हो सेव्हर दिसत नाही. सर्व्होही दुसरा आहे; त्यावरच्या चिठ्ठीनुसार तो २५ किलो ताकदीचा डिजिटल सर्व्हो आहे आणि त्याला धातूचा हॉर्न (सर्व्होवर फिरणारी पट्टी) लावून दोन्ही टाय रॉड एकाच स्क्रूत अडकवलेले आहेत. ताकदवान सर्व्हो लावला की स्टिअरिंग घट्ट होईल, असे कोणालाही वाटणे साहजिक आहे, आणि ट्रान्समिटर फिरवून पाहिले तर चाके खरोखर जोरात वळतातही. परंतु मी जी उंची मोजून लावली होती, ती सर्व्हो सेव्हरवरच्या रॉडच्या आतल्या टोकाच्या हिशेबाने लावली होती. ते टोक वर-खाली झाले आणि दोन्ही रॉड एका बिंदूवर आले की वॉशरचा सगळा हिशेब मोडतो, टो बदलतो, आणि वळताना आतले व बाहेरचे चाक एकमेकांशी जुळत नाही. शिवाय सर्व्हो सेव्हरचे कामच असे की चाकाला बसलेला दणका त्याने स्वतः सोसावा. तो काढला की दणका थेट सर्व्होच्या दात्यांवर आणि त्या जुन्या नकलवर जातो. भिंतीवर आदळल्यानंतर उजवा नकल कृपया एकदा तपासून पाहा; किंगपिनच्या (नकल ज्या खिळीवर फिरतो तिच्या) छिद्राभोवती पांढरी रेघ दिसली तर गाडी चालवू नका.

मागून उडण्याविषयी थोडक्यात सांगतो. हॉर्नेटचा गिअरबॉक्स, मोटर आणि मागची दोन्ही चाके मिळून एकच अखंड भाग आहे आणि तो सगळा एकत्र वर-खाली होतो. मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन नाही. आपण ज्या गाडीच्या व्हिडिओशी तुलना केली आहे ती असोसिएटेडची आरसी-टेन आहे. तीही १९८४ चीच, परंतु ती शर्यतीसाठी बनवलेली होती: ॲल्युमिनियमची चॅसी, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि धक्के जिरवणारे तेलाचे ऑइल डॅम्पर. नवशिक्यांना परवडेल अशा बेताने काढलेल्या हॉर्नेटकडून तशी चाल मिळणार नाही. डॅम्परचे तेल घट्ट केले तर उड्या कमी होतात, आणि वळणाच्या आधी थ्रॉटल सोडून, वळण संपताना पुन्हा दिला तर पुढची चाके जमीन धरतात. पुढचे टायर मात्र आपण जुनेच ठेवले आहेत. ते रबर दगडासारखे कडक झाले आहे, आणि सिमेंटवर ते घसरणारच. हे मी बिलाच्या मागे लिहूनही दिले होते.

यापुढे बिलावर सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहिण्याची व्यवस्था करतो आहे, आणि गाडी हातात देताना आणखी काही समजावून सांगता येईल का तेही पाहतो.

आपण काढून ठेवलेला सर्व्हो सेव्हर आणि मूळ सर्व्हो घेऊन दुकानात या. दोन्ही पुन्हा बसवून, काचेवर ठेवून, आपल्यासमोर व्हर्नियरने मोजून देईन आणि त्याची मजुरी घेणार नाही. नकल मोडला असेल तर त्याची किंमत तेवढी घ्यावी लागेल. मुलालाही बरोबर आणा. बंप स्टिअर म्हणजे काय, हे नाक दाबताना त्याला डोळ्यांनी दिसेल. त्यानंतरही गाडी आपल्या मनासारखी चालली नाही, तर तसे जरूर लिहा आणि स्टारही आपल्याला योग्य वाटतील तेवढेच द्या. ‘लूट’ हा शब्द तेवढा काढून टाकावा, अशी हात जोडून विनंती आहे.

आपला,
दुकानाचा मालक