सकाळी 8.30 ची नोंद

तिसरी-चौथीच्या मुलांना प्रदर्शनासाठी थर्माकोलचा ज्वालामुखी करायला सांगणं शाळांनी बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तो आई-बाबा रात्री जागून करतात, मूल नुसता रंग फासतं. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो मोजायला द्या, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून त्याची वही लिहावी. वहीच्या पानाचा फोटो रोज घरच्या ब्लॉगवर टाकला की वर्गातल्या बाकीच्यांनाही तो दिसतो. फोटो पानाचाच हवा, मुलाचा नको.

पर्जन्यमापकाला 2 लिटरची सरळ भिंतीची बाटली लागते, कमरेत दबलेली चालत नाही. उतार संपतो तिथे वरचा भाग कापून तो उलटा आत बसवायचा. बूड खड्ड्याखड्ड्यांचं असतं, म्हणून आधी बारीक खडे घालायचे आणि ते बुडून वर सरळ भिंत लागेपर्यंत पाणी ओतायचं. पाण्याची ती पातळी म्हणजे मोजपट्टीचं शून्य. कागदी पट्टी दोन दिवसांत लगदा होते, प्लास्टिकची चिकटवा.

चुकतं ते जागेत. पागोळ्यांखाली ठेवली तर छपराचंही पाणी मोजलं जातं, माडाखाली ठेवली तर झावळं पाऊस अडवतात. घर किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट अंतर सोडा. तोंड जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटर वर हवं, नाहीतर खळ्यातला चिखल उडून आत जातो. वाऱ्याने लवंडू नये म्हणून दोन चिऱ्यांच्या मध्ये सुतळीने बांधा. हवामान खात्याप्रमाणे सकाळी 8.30 ला वाचा आणि पाणी पुन्हा शून्यावर आणा. मोठ्या पावसात बाटली भरून वाहते, म्हणून तेव्हा संध्याकाळीही वाचून रिकामी करायची आणि दोन्ही आकडे मिळवायचे. 65 मिलिमीटर गाठले की महसूल खात्याच्या हिशोबी अतिवृष्टी.

मुलं विचारतातच, 'बादलीत जास्त पाणी साचतं, मग पाऊस जास्त नाही का?' तेव्हा सरळ भिंतीचा मोठा डबा शेजारी ठेवा. पाणी जास्त साचेल, उंची तीच भरेल. बादली मात्र वर पसरट असते, त्यामुळे ती उंची जास्त दाखवते. बाटलीचा व्यास 10 सेंटिमीटर असेल तर 10 मिलिमीटर पावसाचं पाणी साधारण 78 मिलिलिटर भरलं पाहिजे. औषधाच्या मापाने हे पडताळता येतं.

वहीत रोज एक आकडा, एक वाक्य, एक प्रश्न. मुलाचं वाक्य मोठ्यांनी सुधारू नये. आजीला काही सांगायचं असेल तर तिने खाली स्वतःच्या अक्षरात लिहावं. मोजायचं राहिलं तर 'मोजलं नाही' असंच लिहायचं आणि पुढच्या आकड्यापुढे '48 तासांचा' अशी नोंद करायची. अंदाजाने भरलेला एक आकडा अख्खी वही बिघडवतो.

पाऊस ओसरला की समुद्राची भरती मोजायला घ्या. यात आजोबांचं ज्ञान खरं कामाला येतं. जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला 3, अष्टमीला 6. पौर्णिमेला 15 ची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. मुलाने मोठ्या माणसाचा हात धरून जेटीवर जायचं, शेवाळाच्या पायऱ्यांवर उतरायचं नाही. त्या वेळेच्या आसपास दर 15 मिनिटांनी वरूनच उघड्या पायऱ्या मोजायच्या. सर्वांत कमी पायऱ्या दिसल्या ती भरतीची वेळ.

ठोकताळा थोडा चुकतो, आणि तिथेच शिकण्यासारखं आहे. पौर्णिमेला सव्वाअकरा आणि प्रतिपदेला पाऊण, म्हणजे एका दिवसात दीड तासाची उडी. समुद्र अशी उडी मारत नाही, भरती रोज सरासरी 50 मिनिटांनी पुढे सरकते. पक्षाच्या 15 तिथींत भरतीला 12 तास सरकायचं असतं, म्हणजे तिथीमागे 48 मिनिटं. पाऊणपट 45 च धरते. चौथीच्या मुलाला हा भागाकार जमतो. सोबत पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगेला, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीला, उघड्या राहिलेल्या पायऱ्यांचे आकडे शेजारी-शेजारी लिहून घ्या. एका पायरीची उंची पट्टीने एकदाच मोजली की पाणी किती सेंटिमीटर कमी चढलं ते गुणाकाराने निघतं.