फूटपाथ आणि अण्णांची साखर

मागच्या आठवड्यात आशाताई घरी आल्या होत्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म त्यांना भरायचा असतो, बीपी-शुगरच्या तपासणीसाठी. तंबाखू खाता का, दारू घेता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. मग प्रश्न आला, आठवड्यातून किमान १५० मिनिटं व्यायाम होतो का? अण्णा काहीच बोलले नाहीत. शेजारी ठेवलेल्या वॉकरकडे बघत राहिले. ताईंनी 'नाही'वर खूण केली आणि एक गुण वाढवला. त्या फॉर्मात गुण जितके जास्त तितका आजाराचा धोका जास्त.

तो एक गुण काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. वय ७१. शुगर निघून १४ वर्षं झाली, पण त्यांनी ती चालून चालून आटोक्यात ठेवली होती. पहाटे साडेपाचला घराबाहेर, शाळेच्या मैदानाला चार चकरा, येताना दूध. तीन महिन्यांची साखर, म्हणजे रक्ततपासणीत दिसणारी तेवढ्या काळाची सरासरी, कधी सातच्या वर गेली नाही. गेल्या वर्षी जुलैत चौकाच्या पुढे केबल टाकायला फूटपाथ खणला. काम झाल्यावर पेव्हर ब्लॉक नुसते मातीवर मांडून ठेकेदार निघून गेला. पावसात खालची माती वाहून गेली. एका पहाटे अण्णांचा पाय पडला आणि ब्लॉक उलटला. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, तब्येत सावरली, वॉकर घेऊन ते घरात फिरतात. रस्त्यावर मात्र उतरत नाहीत. आम्ही खूप समजावलं. पण त्यांची भीती मी खोटी कशी म्हणू? तो ब्लॉक अजून तसाच हलतोय. चालणं थांबलं आणि आठ महिन्यांत तीन महिन्यांची साखर ८.९ वर गेली. आता इन्शुलिन घ्यावं लागतं. रोज सकाळी पोटाला सुई टोचताना आई तोंड फिरवते.

पडणं हा अपघात आणि शुगर हा आजार, असं आपण धरून चालतो. आमच्या घरात ते एकच दुखणं आहे आणि ते त्या फूटपाथवर सुरू झालं. आरोग्य विभाग माणूस पाठवून विचारतो की तुम्ही चालता का, आणि चालायची जागा ज्यांच्या ताब्यात आहे तो बांधकाम विभाग त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसतो. या दोन विभागांनी एकदा तरी एका टेबलावर बसून बोलावं, एवढंच माझं मागणं आहे.

हे काम दिल्लीचं किंवा मंत्रालयाचं आहे असं कुणी सांगू नये. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरांकडे जे १८ विषय सोपवले, त्यांत सार्वजनिक आरोग्य आहे, रस्ते आहेत, बागा-मैदानं आहेत, रस्त्यावरचे दिवेही आहेत. माणूस धडधाकट राहायला लागतं ते बरंचसं त्याच यादीत सापडतं. फूटपाथ कसा असावा हेही लिहून ठेवलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. आमच्याकडे काही ठिकाणी फूटपाथ गुडघ्याएवढा उंच आहे. म्हातारं माणूस चढणार कसं? ते रस्त्याच्या कडेने चालतं, आणि मागून डंपर येतो.

मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चालण्याजोगा फूटपाथ हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. वाचून मला रडू आलं. अण्णांच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे.

आणि जमत नाही असंही नाही. पुण्यात २०१६ मध्ये पादचारी धोरण झालं, जंगली महाराज रस्त्यावर रुंद फूटपाथ आले, बसायला बाकं आली. तिथे म्हातारी माणसं संध्याकाळी निवांत बसलेली मी स्वतः पाहिली आहेत. सगळं पुणं तसं नाही, पण एक रस्ता होतो तर दुसराही होऊ शकतो. मुंबईत महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेबरोबर पाहणी केली तेव्हा १८ ते ६९ वयातल्या ३४ टक्के लोकांना बीपी आणि १८ टक्के लोकांना शुगर निघाली. एवढ्या माणसांना गोळ्या तर द्यायलाच हव्यात. आमच्या दवाखान्यात त्या फुकट मिळतात, तिथल्या सिस्टर आपुलकीने बोलतात, आशाताई उन्हातान्हात दारोदार फिरतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात फक्त आदर आहे. पण गोळी घेऊन माणूस चालायला जाणार कुठे?

फेरीवाल्यांना हाकला, असं मी म्हणत नाही. भाजीवाल्या मावशींमुळेच तर आमच्या घरात ताजी भाजी येते. त्यांना हक्काची जागा द्यायला २०१४ चा कायदा आहे. डीपीचा डबा फूटपाथच्या मधोमध बसवणारी, चेंबरचं झाकण चार बोटं वर ठेवणारी मावशी नाही.

कित्येक महापालिकांत २०२२ पासून वर्षानुवर्षं प्रशासक होते, दाद मागायला नगरसेवकच नव्हता. मत मागायला जो दारात येतो तो मोठ्या हॉस्पिटलचं आश्वासन देतो. मी आता हॉस्पिटल मागणार नाही. घरापासून मैदानापर्यंतचे ६०० मीटर मागणार आहे. खणलेला रस्ता पूर्ववत केल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नका, आणि त्या कामावर सही करण्याआधी इंजिनिअरसाहेबांनी एका ज्येष्ठ माणसाला सोबत घेऊन तिथून चालून बघावं.

रविवारी मी आणि शेजारच्या काकू टेप घेऊन ते ६०० मीटर मोजून आलो. हलणारे ब्लॉक २३, उघडं चेंबर १, बंद दिवे ४. फोटोंसह अर्ज तयार आहे. सोमवारी सकाळी ११ वाजता वॉर्ड ऑफिसात द्यायला जातोय, आत्तापर्यंत सात जण आहोत. आपल्या भागातलं कुणी येणार असेल तर मेसेज करा. तुमच्या गल्लीतलं मोजमाप झालं असेल तर तेही आणा, याच अर्जाला जोडू.