भूत केळीच्या बागेत का नको?
एका लेखात म्हटलंय, मुलांसाठी लिहिणाऱ्याने कथेचा एकच प्रकार धरून राहावं. नाही पटलं. माझी सातवीतली भाची एका आठवड्यात भूतकथा, विज्ञानकथा, रहस्यकथा सगळं फस्त करते. तिची तक्रार वेगळीच: सगळं पुण्या-मुंबईच्या सोसायटीतच का घडतं?

आमच्या जळगाव जिल्ह्यात, चोपड्याकडे, रात्री शेतीची लाईट येते तेव्हा केळीला पाणी भरायला या एकदा. फाटकी पानं वाऱ्यावर अशी फडफडतात की मागून कुणीतरी चालत येतंय असंच वाटतं. (मी अजूनही बॅटरी मागे मारून बघतो.) भुताला आणखी काय लागतं? रहस्याला एरंडोल तालुक्यात झुलत्या मनोऱ्यांचं फरकांडे गाव आहेच. आणि कथेतली आजी अहिराणीत, आमच्या खानदेशी बोलीतच बोलू द्या, 'काय करी राह्यना रे?' तळटीप नको, पोरांना बरोबर कळतं.