‘ताशी साडेतेरा, त्यात काय?’ : पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसबद्दलच्या एका मेसेजचा समाचार

२०२७ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस (पीबीपी; पॅरिसजवळून ब्रेस्टपर्यंत जाऊन परत यायची, दर चार वर्षांनी होणारी लांब पल्ल्याची सायकल राईड) जवळ येऊ लागली आणि सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरू लागला. त्याचा मथितार्थ असा: ‘पीबीपीचा बाऊ करू नका. १,२२० किलोमीटर, ९० तास, म्हणजे ताशी साडेतेरा. वाटेत ना आल्प्स ना पिरेनीज, सगळ्यात उंच जागा ४०० मीटरसुद्धा नाही. इथल्या उन्हात घाट चढून एसआर (एका हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या राईड) केलेल्याला तिथला गार उन्हाळा म्हणजे सहल. झोपायला वेळच वेळ. खाणंपिणं, मदत सगळं आयोजक बघतात. एक चांगली कार्बन सायकल घ्या आणि निघा.’

यातले आकडे बरोबर आहेत. त्यांवरून काढलेलं जवळपास सगळं चुकीचं आहे.

‘ताशी साडेतेरा’

ही सरासरी थांबे, झोप, रांगा, पंक्चर सगळं धरून आहे. सायकलवर बसून किती वेगानं जावं लागतं, ते त्यातून कळत नाही. २०१९ आणि २०२३चा मार्ग सुमारे १,२२० किलोमीटरचा होता. चालत्या सायकलची सरासरी २० राखली तर ६१ तास सायकलवर जातात, २९ उरतात. १८ राखली तर उरतात २२. तिसऱ्या रात्री, चढावर, वाऱ्यात ती १७ वर आली तर १८.

आता या उरलेल्या तासांचं काय होतं ते बघा. कंट्रोल (वाटेत वेळेची नोंद करायची ठिकाणं) आणि खाण्याचे थांबे मिळून जाता-येता पंधराएक होतात. लुदेआकसारख्या ठिकाणी शेकडो सायकलींच्या रांगांत आपली सायकल लावायची, क्लीटचे बूट खटखटवत टेबलापर्यंत जायचं, ब्रेव्हे कार्डावर शिक्का घ्यायचा, जेवणाच्या रांगेत उभं राहायचं, बाटल्या भरायच्या, शौचालय, आणि परत येऊन सायकल शोधायची. यात ४५ मिनिटं सहज जातात. पंधरा थांब्यांचे सव्वाअकरा तास झाले. १८च्या सरासरीवाल्याकडे झोप, पंक्चर आणि चुकलेला रस्ता, या सगळ्यांसाठी मिळून उरतात अकराहून कमी तास.

शिवाय कटऑफ सगळीकडे सारखे नसतात. ६०० किलोमीटरच्या बीआरएमची (पीबीपीसाठी पात्र ठरवणाऱ्या राईडची) मर्यादा ४० तास, म्हणजे ताशी १५. सवलत त्यापुढच्या अंतरात मिळते. पीबीपीतही जातानाचा हात आखडता आणि परतीचा सैल असतो. त्यामुळे ‘सुरुवातीला साडेतेरानं आरामात जाऊ’ म्हणणारा ब्रेस्टच्या आधीच वेळेच्या बाहेर पडतो.

म्हणून वेग वाढवण्यापेक्षा थांबा कमी करा. थांब्यामागे १५ मिनिटं वाचली तर पावणेचार तास हातात येतात. सायकलवर तेवढे मिळवायचे तर १८ची सरासरी १९वर न्यावी लागते, आणि ती वाढ गुडघ्यांतून वसूल होते. कंट्रोलला पोचण्याआधीच शेवटच्या किलोमीटरला मनात क्रम लावावा: शिक्का, पाणी, शौचालय, खाणं. खाणं शक्य तर हातात घेऊन निघावं.

‘झोपायला वेळच वेळ’

९० तासांच्या गटाची सुरुवात रविवारी संध्याकाळी होते. पहिली रात्र सगळेच जागून काढतात, आणि रविवारचा दिवस तर त्याआधीच जागेपणी गेलेला असतो. सोमवारी रात्री लुदेआकला (साधारण ४४५ किलोमीटर) पोचेपर्यंत जागून दीड दिवस झालेला असतो, आणि नेमकं तिथंच सगळ्यांना झोपायचं असतं. खाटांसाठी रांग लागते. त्यापेक्षा अलीकडे केदियाकला किंवा थोडं पुढे काऱ्हेला झोपण्याचा बेत बरा. विश्रांतीच्या हॉलमध्ये उठायची वेळ सांगून ठेवली की स्वयंसेवक येऊन उठवतात. दीड तास किंवा तीन तास सांगावं. वीस मिनिटांची डुलकी रस्त्याकडेच्या गवतावरही चालते, फक्त घामेजल्या कपड्यांवर फॉइल ब्लँकेट लपेटून.

‘सपाट आहे’

सर्वोच्च जागा ब्रिटनीतल्या रोक त्रेवेझेलजवळ, ४०० मीटरच्या आतच, हे खरं. पण एकूण चढाई सुमारे १२,००० मीटर भरते. खोपोली ते लोणावळा सुमारे ५५० मीटर धरा. तेवढा घाट वीसहून जास्त वेळा. आल्प्समधली ‘ला मारमोत’ १७५ किलोमीटरच्या आसपास ५,००० मीटर चढवते, म्हणजे किलोमीटरला तिची चढाई पीबीपीच्या जवळपास तिप्पट. तरी ती एका दिवसात संपते, आणि गालिबियेसारख्या लांब चढावर एकदा लय बसली की ती तासभर टिकते. पीबीपीच्या वाटेवरच्या पेर्श आणि ब्रिटनी या भागांतले चढ लय बसूच देत नाहीत. किलोमीटर-दोन किलोमीटर चढ, लगेच उतार, वळण, गाव, पुन्हा चढ. ताज्या पायांनी उताराच्या वेगावर पुढचा अर्धा चढ निघून जातो. परतीला तो वेग पायथ्यालाच संपतो. मग उभं राहून रेटायचा मोह होतो, आणि साधारण ८००च्या पुढे गुडघ्याची वाटी बोलू लागते.

उपाय गिअरमध्ये आहे. पुढे ३४, मागे २८ दात असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.५ मीटर जाते; ७०च्या कॅडन्सला (मिनिटाला पेडलच्या ७० फेऱ्यांना) ताशी पावणेअकरा. थकल्यावर पाच टक्क्यांच्या चढावर एवढा वेग राहत नाही, म्हणजे कॅडन्स ५०वर येतो आणि ताण सांध्यावर जातो. मागे ३४ लावा: त्याच ७०ला ताशी पावणेनऊ, बसल्या बसल्या. फक्त रिअर डिरेलर ३४ दात घेतो का, ते आधी बघा. केज किंवा साखळी आखूड असेल तर मोठ्या दात्यावर साखळी ताणली जाते आणि डिरेलर धरणारा हँगर मोडू शकतो.

सरावाबद्दलही बोलायला हवं. पुणे-कोल्हापूरसारख्या महामार्गावर केलेली एसआर वेळेत बसते, पण तिथला रुंद शोल्डर आणि लांबट, सौम्य चढ पीबीपीची तयारी करून घेत नाही. कोकणातला सागरी महामार्ग जास्त उपयोगी: सड्यावर चढा, खाडीत उतरा, पुन्हा चढा. चढ ब्रिटनीपेक्षा उभे आहेत, पण पायांना तोच धडा मिळतो.

‘गार उन्हाळा’

ऑगस्टच्या उत्तरार्धात तिथं रात्री एक आकडी तापमान होऊ शकतं. २००७ला बहुतेक वेळ पाऊसच होता. थंडी चढावर वाजत नाही. चढताना घाम येतो, उतारावर तोच घाम गोठवतो. बोटं आखडली की आधी गिअर बदलणं जातं, मग ब्रेक. लोकरीचा बेसलेयर, बाह्यांचे आणि गुडघ्यांचे वॉर्मर, वारारोधक जिलेट (बिनबाह्यांचं जॅकेट), पूर्ण बोटांचे हातमोजे, रेनजॅकेट एवढं सोबत हवंच. जिलेट उतार सुरू होण्याआधी चढवा, मध्यात नाही. अंधार रोजचा नऊ-दहा तास असतो. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट नियमानं बंधनकारक आहे, दिवा पक्का बसवलेला हवा आणि लुकलुकणारा चालत नाही. बॅटरीचा दिवा असेल तर रात्रभराच्या हिशेबानं पॉवरबँक लागेल. चाक फिरताना वीज देणारा डायनॅमो हब लावला तर ती कटकट मिटते.

‘सगळं आयोजक बघतात’

कंट्रोलवर जेवण मिळतं, विकत. सोबतच्या गाडीला मदत करता येते ती फक्त कंट्रोलवर. मध्ये रस्त्यात मदत घेतली तर वेळेचा दंड होतो. गावकरी अंगणात टेबल मांडून कॉफी, केक देतात, ती त्यांची माया. तिच्यावर भिस्त ठेवू नये. रविवारी रात्री खेड्यांत एकही दुकान उघडं नसतं आणि ढाबा नावाची गोष्ट तिथं नाही. पहिला खाण्याचा थांबा मोर्तान्य, साधारण १२० किलोमीटरवर. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं धरली तर तिथवरच्या सहा तासांना ३६० ग्रॅम लागतात. अर्धा किलो खजुरात ती बसतात. गूळपोळी, चिक्कीही चालेल. दुधाचे पदार्थ मात्र युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत, तेव्हा पेढे घरीच. शाकाहाऱ्यांनी पास्ता, बटाट्याचा लगदा, भाताची गोड खीर, दही, पाव यांवर राहण्याची तयारी ठेवावी. तिथल्या सँडविचमध्ये बहुधा हॅम असतं आणि सूप शाकाहारी असेलच असं नाही.

‘चांगली कार्बन सायकल’

सायकलस्वारासकट ८५ किलोत एक किलो कमी झाला तर चढावर सव्वा टक्क्याच्या आसपास फायदा. रेसिंग फ्रेमचं खाली झुकलेलं हँडल मात्र महागात पडतं. ८००-९०० किलोमीटरनंतर मानेचे मागचे स्नायू सोडून देतात, डोकं वर राहत नाही, आणि लोक हेल्मेटला ट्यूब बांधून पाठीकडे ताणून चालवताना दिसतात. हँडल दोन-तीन सेंटिमीटर वर घ्या, स्टेम आखूड करा, आणि हे शेवटच्या आठवड्यात नाही, ६००च्या बीआरएमआधी करा. टायर २८ किंवा ३० मिलिमीटरचे लावा.

राहता राहिलं एक, जे मेसेजमध्ये नाहीच. मागून येऊन थकलेल्यांना गोळा करणारी गाडी पीबीपीत नसते. सोडायचं ठरलं तर कंट्रोलवर तसं सांगायचं, आणि सुरुवातीच्या गावी, रांबुइयेला, परतणं आपलं आपण, बहुतेकदा ट्रेननं. टीजीव्हीत (फ्रान्सच्या वेगवान ट्रेनमध्ये) सायकलसाठी जागा राखून ठेवलेली नसेल तर सायकल सुटी करून पिशवीत घालावी लागते. एक पातळ सायकल-बॅग, पेडल काढायची ॲलन की आणि तिकिटापुरते पैसे खिशात असू द्यावेत.